उष्टा चमचा

गुठळीमामांनी आयुष्यात एकदाच सॉसमध्ये गुठळ्या केल्या आणि त्या त्यांच्या नावाला कायमच्या चिकटल्या. कारखान्याच्या कॅन्टीनमधला त्यांचा तो पहिला दिवस. उकळत्या पातेल्यात त्यांनी गव्हाचं सत्त्व कोरडंच भुरभुरवलं, आणि बाहेरून चिकट, आतून कोरडं पीठ असे गोळे वर तरंगायला लागले. मुख्य आचाऱ्यानं तिथल्या तिथे त्यांचं बारसं उरकलं. पुढे मामा स्वतःच मुख्य आचारी झाले, निवृत्तही झाले, पण नाव काही बदललं नाही.

खरं तर त्या दिवसानंतर या कामात मामांचा हात धरणारा कोणी उरला नव्हता. सत्त्व आधी थंड पाण्यात कालवायचं, मग बारीक धारेनं उकळत्यात सोडायचं आणि ढवळणारा हात थांबू द्यायचा नाही. दुधासारखं पांढरं पाणी हळूहळू काचेसारखं होत जातं, डाव जड लागतो, वर एखादा बुडबुडा आळसावल्यासारखा फुटतो, की आच बंद. शिवाय मामांचा एक कायदा होता: तोंडातला चमचा पातेल्यात जायचा नाही. कुणी चव घेऊन तोच चमचा पुन्हा बुडवला, तर मामा अख्खं कॅन्टीन डोक्यावर घ्यायचे. उष्टं म्हणजे उष्टं, यापलीकडे या कायद्यामागे काही कारण असेल असं त्यांच्या डोक्यातही आलं नव्हतं.

घरी मात्र हा कायदा गुंडाळून ठेवलेला असायचा. मामी दिवसभर शिलाई मशीनवर बसायच्या, आणि संध्याकाळी दोघांत मिळून एक मोठी वाटी सूप आणि एक चमचा. पहिला घास मामांचा, दुसरा मामींचा. "आधी तुम्ही खाऊन बघा," मामी म्हणायच्या. "कॅन्टीनवाल्याच्या हातचं. मरायचं तर आधी तुम्ही!"

आणि मग एक दिवस मशीनवर बसल्या बसल्याच मामींचं उजवं अंग गेलं. बोलणं गेलं. गिळणंही बिघडलं. दवाखान्यात पाण्याचा घोट अन्नाच्या वाटेनं न जाता श्वासाच्या वाटेनं गेला आणि छाती भरली. त्यातून कशाबशा वाचल्या. डॉक्टरांनी सांगून टाकलं, की पुन्हा छाती भरली तर पोटात नळी बसवावी लागेल, तोंडानं खाणं बंद. मामींनी शेजारच्या खाटेवरच्या बाईची नळी पाहिली आणि डाव्या हातानं मामांचा शर्ट असा पकडला, की "नाही बसवू देणार, शब्द देतो," असं मामा म्हणेपर्यंत सोडला नाही. मामींजवळ आता जिभेच्या चवीशिवाय राहिलं तरी काय होतं?

घरी सोडताना सिस्टरनं बजावलं होतं, "काका, पातळ काहीही देऊ नका. सगळं घट्ट करून द्या, गव्हाचं सत्त्व चालेल. आणि वाढायचा चमचा वेगळा, भरवायचा वेगळा. तोंडातला चमचा वाटीत घालायचा नाही, कारण..."

पुढचं मामांनी ऐकलंच नाही. त्यांना रागच आला. हयातभर ज्यांनी हा कायदा दुसऱ्यांना शिकवला, त्यांना ही कालची पोरगी शिकवणार! आणि आपल्याच बायकोचं उष्टं कसलं? घरी आल्यावर त्यांनी जुनाच एकुलता चमचा काढला. घास घ्यायचा, फुंकर मारायची, ओठांना लावून किती गरम आहे ते बघायचं, थोडं चाखायचं आणि मग मामींना भरवायचं.

सूप दृष्ट लागावी असं उतरायचं. पहिले काही घास मामी नीट गिळायच्या. पण वाटी अर्ध्यावर आली की खोकला सुरू व्हायचा. डोळे पांढरे व्हायचे, ओठ निळे पडायचे, आणि मामा वाटी बाजूला ठेवायचे.

मामांनी लिंबू बंद केलं, कारण आंबटानं सत्त्वाचा घट्टपणा तुटतो. मग वाटलं, उकळी जास्त होत असेल, म्हणून आच आधी बंद करायला लागले. नवी पुडी आणून पाहिली. शेवटी सत्त्व दुप्पट घातलं, तर निवल्यावर त्याची खळ झाली आणि मामींनी ती थुंकून टाकली. ज्या हातानं हजार माणसांची पातेली बिनगुठळीची उतरवली, तो हात एका वाटीशी हरत होता. मामांना मनापासून वाटायला लागलं, की आपला हात गेला.

मुलगी दोन गल्ल्या पलीकडे राहायची, रोज येऊन आईचं अंग पुसून द्यायची. रविवारी दुपारी तिनं आईच्या कपाळाला हात लावला आणि तिचा चेहरा उतरला.

"बाबा, अंग कोमट लागतंय. आता पुरे झालं. उद्या डॉक्टर येणार आहेत, मी नळीला हो म्हणणार."

"मी तिला शब्द दिलाय."

"शब्द घेऊन काय करू? माझी आई गुदमरते रोज!"

मामा भरवायला मामींजवळ बसले. तेव्हाही पातेल्यातून दोन वाट्या भरलेल्या होत्या, एक मामींची आणि एक मुलीनं बापासाठी बळेच भरलेली. मामींची वाटी नेहमीसारखी खोकल्यावर थांबली. मामांनी आपल्या वाटीला हातसुद्धा लावला नाही.

मामींचा डोळा लागल्यावर मामा आवराआवर करायला आले. त्यांनी आपली वाटी उचलली. सूप दह्यासारखं बसलं होतं, वाटी तिरकी केली तरी जागचं हललं नाही. मग मामींची उचलली. आत चक्क पाणी होतं आणि भाजीचा गाळ तळाला बसला होता.

एकच पातेलं, एकच हात. मामा दोन्ही वाट्या धरून तसेच उभे राहिले. फरक फक्त चमच्याचा होता. त्यांनी दवाखान्यात फोन लावला.

"लाळेनं सत्त्व फुटतं, काका," सिस्टर म्हणाली. "पाव बराच वेळ चावला की गोड लागायला लागतो ना, तेच हे. चमच्याबरोबर लाळ वाटीत जाते आणि खाता खाताच सगळं पातळ होतं. सांगत होते मी तुम्हाला."

मामा खुर्चीत बसले. म्हणजे रोज फुंकर मारून, चाखून, मायेनं आपणच तिच्या छातीत पाणी ओतत होतो. त्यांना स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती. मुलीला सांगितलं तेव्हा तिच्या तोंडून निघून गेलं, "म्हणजे इतके दिवस तुम्हीच..." आणि तिनं जीभ चावली. थोड्या वेळानं म्हणाली, "उद्या डॉक्टर येईपर्यंत बघू. ताप चढला, तर मात्र मी ऐकणार नाही."

संध्याकाळी मामांनी सूप केलं आणि दोन चमचे घेऊन मामींसमोर बसले. मोठ्या चमच्यानं वाटीतलं सूप लहान चमच्यात ओतलं, वरच्यावर, एकाचा दुसऱ्याला स्पर्श न होऊ देता. ओठांना लावलं नाही.

मामींनी त्या दोन चमच्यांकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं आणि तोंड घट्ट मिटून घेतलं. डोळे भरून आले. डाव्या हातानं त्यांनी चमचा दूर लोटला.

मामांना क्षणभर कळेना. मग कळलं. तिला वाटलं, ह्यांना आता माझी किळस येते.

"अगं, नाही गं! किळस कसली? आपल्या उष्ट्यानं सूप पातळ होतं. तेच तुला बाधतंय."

मामींनी मान फिरवली. त्या शिंपीणबाई. गिऱ्हाइकानं सांगितलेल्या मापावर त्यांनी कधी विश्वास ठेवला नव्हता, टेप लावून स्वतःच्या डोळ्यांनी बघायच्या. मामा उठले. दोन वाट्यांत थोडं थोडं सूप घेतलं. एकीत नुसता चमचा फिरवला, दुसरीत तोंडात घातलेला. आणि दोघं नवराबायको त्या वाट्यांकडे बघत बसले. जरा वेळानं मामांनी दोन्ही तिरक्या केल्या. एक हलली नाही. दुसरी टेबलभर वाहिली.

मामींनी त्या ओघळाकडे बराच वेळ पाहिलं. मग तोंड उघडलं.

मामा भरवत राहिले. वाटी अर्ध्यावर आली तेव्हा दाराशी उभ्या असलेल्या मुलीनं श्वास रोखला. खोकला आला नाही. वाटी संपली तरी आला नाही. कपाळ मात्र अजून कोमटच होतं आणि डॉक्टर सकाळी यायचेच होते.

मामा वाटी उचलायला लागले, तर मामींनी त्यांचं मनगट धरलं. लहान चमच्याला थोडं सूप लागलेलं होतं. मामींनी तो चमचा त्यांच्या तोंडाकडे ढकलला. वाटी रिकामी झाली होती, आता बिघडण्यासारखं काही नव्हतं. मामांनी चमचा चाटून घेतला आणि तसेच थबकले.

"अगं," ते म्हणाले, "मीठच घातलेलं नाही की!"

चाखायची इतकी धास्ती घेतली होती, की मीठ राहूनच गेलं होतं. आणि ती अळणी वाटी मामींनी मुकाट्यानं शेवटच्या घासापर्यंत संपवली होती.