कापसाच्या वावरातला पाठ

बी.ए. झाल्यावर परभणीला बी.एड.ला नंबर लागला आणि मी मोठ्या हौसेनं इंग्रजी विषय घेतला. पहिल्याच आठवड्यात हौस फिटली. बरोबरीच्या मुली फाडफाड बोलायच्या. माझं इंग्रजी सगळं वहीत, तोंडावाटे कधी बाहेरच पडलं नव्हतं. त्यातच सरांनी सांगितलं, पाचवीवर पहिला पाठ घ्यायचा, तोही मराठीचा एक शब्द न वापरता. मी ठरवून टाकलं, हा पाठ फसला की इंग्रजीला रामराम.

पाठाच्या दिवशी विद्यापीठाच्या नामांतरावरून बंद झाला. मी गावाहून रोज ज्यानं जायची त्या एसट्या थांबल्या, पाठ पुढे ढकलला. मी इतकी खूश झाले की आईनं न सांगताच मानवतजवळच्या आमच्या वावरात कापूस वेचायला गेले. वेचताना तोंडानं पाठ पुटपुटणं चालूच होतं. शेजारच्या ओळीतली चुलती थांबली.

"कुणाला शिव्या द्यायलीस गं?"

"शिव्या न्हाईत काकू, इंग्रजी हाय. पाठ घ्यायचाय."

"मंग मोठ्यानं घे की. आमाला बी कळू दे."

काकूला नाही म्हणायची आमच्या घरात कुणाची टाप नव्हती. बांधावर बसलेल्या आईला मी "स्टँड अप" म्हणत हात धरून उठवलं, "सिट डाऊन" म्हणत बसवलं. थोड्या वेळानं ती नुसत्या शब्दावर उठायला लागली. "रन" म्हटल्यावर काकू तर कमरेची कापसाची झोळी सावरत खरंच पळाली. कापूस वेचणाऱ्या बाया पोट धरून हसल्या. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, पाठ सुरू केल्यापासून मी मराठीचा एक शब्दही उच्चारला नव्हता. मला शिकवता येत होतं.

बस सुरू झाल्यावर पाठ झाला. सर मागच्या बाकावर बसले. मी पहिल्या बाकावरच्या मुलीचा हात धरला आणि "स्टँड अप" म्हटलं. मग काय, घंटा झाली तरी पोरं थांबेनात. सर एवढंच म्हणाले, "पुढचा पाठ सहावीवर घ्या." त्या दिवशी एसटीत मी उभ्यानं आले, तरी पाय दुखले नाहीत.

उतरले ती थेट वावरात. काकूनं माझ्या चेहऱ्यावरूनच ओळखलं. मी पदर खोचून, बांधावरची कापसाची झोळी उचलून ओळीला लागणार, तोच तिनं माझ्या हातातली झोळी काढून घेतली आणि बांधाकडं बोट दाखवलं.

"सिट डाऊन, मास्तरीणबाई."

कॉलेजच्या इस्त्रीच्या साडीसकट मी मातीत बसले.