हलती फरशी

लातुरात शिकवणीच्या पोरांसाठी नरसिंगशेठनी भुताची खोली काढली. अंधारात कोडी सोडवायची, किल्ली शोधायची, बाहेर पडायचं. मी, वकार, गल्ल्यावर बसतो आणि माझा शेजारी गुरुलिंग भूत होतो. इतकं मायाळू भूत कुठे मिळायचं नाही. काळा झगा चढवण्याआधी तोच पोरांना धीर द्यायचा, "पहिल्यांदाच आलाव नव्हं? दार नुसतं लोटलेलं हाय. अंगाला कुणी हात लावत न्हाई. लई भ्या वाटलं तर हाक मारा, लाइट लावतो."

दार लोटलेलं ठेवायचा हट्ट त्याचाच. किल्लारीकडचा माणूस, त्र्याण्णवच्या भूकंपात आई डोळ्यांदेखत दगडामातीखाली गेली. घरीही तो कडी लावू देत नाही, बायको मंजुश्री कितीही कावली तरी.

दिवाळीनंतर शेठनी पुण्याहून हलती फरशी आणली. कळ दाबली की खोली थरथरते. पुण्यात म्हणे पोरं खिदळतात. इथे पहिल्याच खेळाला आमचं भूत "भाईर पळा! भाईर!" असं बोंबलत पोरींना दंडाला धरून रस्त्यावर आलं. शेजारचा रसवंतीवालाही पळाला. मला हसू फुटलं, पण गुरुलिंग पोरींचे दंड सोडेना, तेव्हा मी धावत जाऊन त्याला पाणी दिलं.

"उद्यापासून येऊ नको," शेठ म्हणाले.

गुरुलिंगने पाय धरले. लेकीचं मेडिकलच्या परीक्षेचं वर्ष, आणि या वयात दुसरं काम कोण देणार? "पळणार न्हाई, शेठ. शिकतो मी."

आणि शिकला. रोज सकाळी, खेळ सुरू व्हायच्या आधी, तो आत जाऊन उभा राहायचा. "वकारभाई, दाबा." मी कळ दाबायचो. आतून तो रडायचा, आईला हाका मारायचा. मी थांबवलं की चिडायचा, "दाबा की! पोरीचं वरीस हाय." माझा हात उचलत नव्हता, तरी दाबत राहिलो. हळूहळू आतला आवाज बंद झाला. शेठ खूश झाले.

परवा सकाळी, कामाला निघायच्या आधी, खरोखर जमीन हादरली. फळीवरची भांडी पडली, अख्खी गल्ली बाहेर आली. मंजुश्रीवहिनी लेकीला कवटाळून ओरडत होत्या, "अवो, या की भाईर!"

मी त्यांच्या घरात धावलो. डोक्यावर पत्रा खडखडत होता आणि गुरुलिंग भिंतीला पाठ लावून, डोळे मिटून उभा होता. दंडाला धरून ओढलं तरी हलेना.

"पळालो न्हाई, वकारभाई," तो म्हणाला. "शेठला सांगा."