ग्रासिएतबाईंचा तिसरीचा वर्ग

ग्रासिएतबाईंचा आवाज शाळेतून थेट ओल्यांव या पोर्तुगालच्या किनाऱ्यावरच्या गावाच्या मासळीबाजारापर्यंत जातो, असं गावात म्हणतात, आणि बाई ते नाकारत नाहीत. त्यांची आई खाडीच्या चिखलात शिंपल्या, तिसऱ्या वेचायची. ओहोटीला लांब गेलेल्या बायकांना हाक मारायची तर तसा आवाज लागतोच, आणि तो लेकीला आयता मिळाला. केस पिकायला लागले तरी प्राथमिक शाळा सोडून वरच्या वर्गांना शिकवायला त्या कधी गेल्या नाहीत. लहान पोरांचीच त्यांना गोडी.

एका सप्टेंबरात, शाळेचं नवं वर्ष सुरू होताना, त्यांच्या तिसरीत दोन मुली आल्या. ईरिश दुसऱ्या शाळेतून आली होती, तेही अर्धं वर्ष वर्गाबाहेरच्या बाकावर काढून. जवळच्या फारो शहरातल्या डॉक्टरांनी तिला एडीएचडी असल्याचं सांगितलं होतं. तिचं लक्ष एका जागी ठरत नसे आणि हातपायही ठरत नसत. बेनेदिता याच्या अगदी उलट. वर्गात तोंडातून शब्द नाही, आणि दर सोमवारी सकाळी फाटकाशी पोट धरून रडणं. पोटात दुखणं नव्हतं, भीती होती. आई तिला घरी न्यायची, आणि पुढच्या सोमवारी भीती आणखी वाढलेली असायची.

"एक भिंगरी आणि एक मुकी. बरी लॉटरी लागली गं तुला," शेजारच्या वर्गाच्या ओदीलियाबाई म्हणाल्या.

"मुकी नाही ती, घाबरलेली आहे. आणि भिंगरीचं म्हणशील तर सभेत तू तरी किती वेळ एका खुर्चीवर टिकतेस?"

बाईंनी मेव्हण्याच्या बंद पडलेल्या कॅफेतून एक उंच टेबल आणलं आणि वर्गाच्या मागच्या बाजूला लावलं. ईरिशनं तिथं उभं राहून लिहायचं. गणितं तीच, पण कागद दुमडून एका वेळी थोडीच दिसतील अशी. मधूनमधून फळा पुसायचा, कचेरीतून कागद आणायचे, म्हणजे पायांनाही काम. ती भरकटली की बाई सर्वांदेखत ओरडत नसत. जवळून जाता जाता टेबलावर दोन बोटं टेकवत, एवढंच. बाकीच्या पोरांनाही उभं राहायचं होतं. बाई म्हणाल्या, "राहा की!" आठवड्याभरात सगळ्यांची हौस फिटली.

बेनेदिताचं काम जास्त अवघड होतं. शाळेच्या मानसशास्त्रज्ञ लेओपोल्दीना यांच्याशी बोलून बाईंनी तिच्या आईवडिलांना बोलावलं. तिचा बाप वाल्देमार मासेमारीच्या बोटीवरून तसाच आला होता, बूटसुद्धा ओले.

"बाई, हे सगळे लाड आहेत," तो म्हणाला. "मला माझ्या बापानं बोटीवरून पाण्यात ढकललं होतं. शिकलो की नाही पोहायला?"

"शिकलात. मग अजून पोहता?"

"म्हणजे?"

"उन्हाळ्यात, पोरीबरोबर, मजा म्हणून उतरता का पाण्यात?"

वाल्देमार मान खाजवू लागला. त्याची बायको फिस्सकन हसली. "हे? जन्म समुद्रावर गेला, पण घोट्याच्या वर पाणी आलं तर सांगा!"

"तर मग ढकलायचं नाही," बाई म्हणाल्या, "आणि काठावरून घरीही न्यायचं नाही. एकेक पायरी उतरू. पोटात दुखलं तर माझ्याजवळ बसेल, पाणी पिईल, श्वास सावकाश सोडेल, की परत जागेवर. घरी नाही."

"आणि रडली तर?" आईनं विचारलं.

"रडेल. मी आहे की इथं."

ती रडली. आई फाटकाबाहेर रडली. बाईंनाही कधी वाटे, आपण फार तर ताणत नाही ना? पण ठरलेल्या पायऱ्या त्यांनी सोडल्या नाहीत. आधी मधल्या सुट्टीत बेनेदितानं फक्त बाईंच्या कानात वाचायचं. ते जमल्यावर एका मैत्रिणीसमोर. मैत्रीण तिनंच निवडायची होती. तिनं ईरिशकडे बोट दाखवलं.

"तीच का गं?"

"ती ऐकतच नाही, बाई," बेनेदिता पुटपुटली.

नाताळच्या आधी एका पालकानं तक्रार केली. ती पोरगी वर्गभर फिरते, आमच्या मुलाचं लक्ष उडतं. मुख्याध्यापक फेलिस्मिनो भांडखोर माणूस नव्हते. त्यांनी सुचवलं, ईरिशला वेगळ्या खोलीत बसवू, एक मदतनीस देऊ.

"सर, वेगळ्या खोलीत ती वेगळं बसायला शिकेल, दुसरं काय? तुम्ही एक सकाळ माझ्या वर्गात येऊन बसा, मग ठरवा."

ते आले, आणि नेमके चित्रकलेच्या तासाला. पोरं होड्या रंगवत होती. ईरिश ब्रश धुवायला गर्रकन वळली, कोपर बादलीला लागलं आणि निळं पाणी बेनेदिताच्या चित्रावरून मुख्याध्यापकांच्या बुटांपर्यंत गेलं.

"गाढव! हात सांभाळ म्हणून किती वेळा सांगायचं तुला?"

हे बाई बोलल्या नव्हत्या. बेनेदिता बोलली होती, आणि असा खणखणीत आवाज की सगळ्यांचे ब्रश थांबले. ईरिशचा चेहरा फुलला. "बाई, ऐकलंत? ही ओरडते!"

बेनेदिता पांढरीफटक पडली. पंचवीस डोकी तिच्याकडे वळलेली. टाळ्या वाजवाव्यात, पोरीला कवटाळावं असं बाईंना वाटलं. पण आता कौतुक केलं तर ही पुन्हा महिनाभर तोंड उघडणार नाही, हेही त्या जाणून होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "ईरिश, फडकं घे. बेनेदिता, चिडलीस ते बरोबर, गाढव म्हणालीस ते नाही. नवा कागद कपाटात आहे. चला रे, होड्या वाट बघताहेत."

ब्रश पुन्हा चालू लागले. बेनेदिता बाईंजवळ येऊन बसली, पाणी प्यायली, आणि कुणी न सांगता उठून कपाटातून कागद घेऊन जागेवर गेली. ईरिशनं फरशी पुसली, न सांगितलेले दोन बाक पुसले, आणि मग वाकून मुख्याध्यापकांचे बूटही पुसायला लागली.

"राहू दे गं," फेलिस्मिनो पाय मागे घेत म्हणाले. तास संपल्यावर ते बाईंना म्हणाले, "मला वाटलं, आता सकाळभर गोंधळ."

"गोंधळ झाला की, सर. झाला आणि संपला."

वेगळ्या खोलीचा विषय परत निघाला नाही. तक्रार करणाऱ्या पालकाला फेलिस्मिनोंनी स्वतःच समजावलं.

वसंतात डॉक्टरांनी ईरिशला औषध सुरू केलं. त्यानं मदत झाली, जादू नाही. पेन्सिली ती हरवतेच, पण पाढे पाठ आहेत आणि कुणी तिला बाहेर बसवत नाही. जूनमध्ये बेनेदितानं वर्गासमोर उभं राहून खाडीतल्या समुद्रघोड्यांवर लिहिलेलं पान वाचलं. डोळे कागदावर, कान लाल, पण शेवटपर्यंत. मधेच मागून ईरिश ओरडली, "मोठ्यानं!" आणि ती खरंच मोठ्यानं वाचू लागली. काही सोमवारी तिच्या पोटात अजून गोळा येतो. तरी ती येते.

वर्षअखेरीला शाळेच्या अंगणात सार्डिन मासे भाजत होते. फेलिस्मिनोंनी विचारलं, "ग्रासिएतबाई, चौथीलाही हाच वर्ग घेणार ना? शिवाय एक नवा मुलगा येतोय. जरा अवघड आहे म्हणतात."

"येऊ दे," बाई पावावर सार्डिन ठेवत म्हणाल्या. "त्याच्या आईला आधी भेटायला सांगा."