सबनीसची वाकडी दुरडी

सबनीस गेल्याचा निरोप आला, तेव्हा मी मलकापूरहून आलेल्या बांबूच्या भावावरून गाडीवाल्याशी भांडत होतो. तो म्हणाला तो भाव देऊन टाकला. असं माझ्याकडून कधी होत नाही.

लक्ष्मीपुरीतलं टोपल्यांचं दुकान मी रस्त्यावर बसून उभं केलं. आम्ही कैकाडी. आमच्या बोलीतला शब्द कानावर पडला की गिऱ्हाईक आधी आपला खिसा चाचपायचं. म्हणून दुकानात मी मराठीच बोललो, आणि घरातली पोरंही तेच बोलू लागली. अशात सबनीस आला. एम.ए. झालेला, आमच्या बोलीवर प्रबंध लिहायचा म्हणणारा. माझी आई रिकाम्या हातानं बोलायची नाही. "हात चालला तर त्वांड चालंल," म्हणत तिनं त्याच्यापुढं बांबूच्या कामट्या टाकल्या. बोटं कापून घेत तो विणायला शिकला, बोलायलाही. दुरडी मात्र वाकडीच झाली.

मला राग आला. म्हटलं, "शब्द तू नेणार, डिग्री तू घेणार. आमाला काय?"

"काय पाहिजे बोल."

"दर रविवारी आमच्या पोरास्नी हीच बोली शिकवायची. त्यास्नी माझ्यासंगं तीत भाव करता येईस्तोवर."

"कबूल," म्हणाला. घासाघीस नाही... मला वाटलं, आपण कमीच मागितलं.

प्रबंध झाला, आई गेली, तो कॉलेजात शिकवू लागला, तरी रविवारी दुकानामागच्या पडवीत तो पोत्यावर बसलेला असायचाच. पोरं विणता विणता माझ्या आईच्या गोष्टी तिच्याच बोलीत सांगायची. मला एकच गोष्ट टोचत राहिली. प्रबंधाच्या आभारात आईचं नाव आहे, माझं नाही. शेवटी तो दवाखान्यात पडून होता, तिथंही मी ते काढलंच. तो हसला. "आभार मानले की व्यवहार मिटतो, शंकर. मला तो मिटवायचा नव्हता." मी तेव्हाही चिडलोच.

परवाच्या रविवारी पोरं आली आणि रिकाम्या पोत्याकडं बघत उभी राहिली. तेवढ्यात एका गिऱ्हाइकानं वर टांगलेल्या सबनीसच्या दुरडीकडं बोट केलं. "पावणं, ही कशी दिली?"

विकायची नाही, असं मी त्याला आमच्या बोलीत सांगितलं. भर दुकानात, पहिल्यांदाच. त्याला काही कळलं नाही. पोरांतल्या माझ्या नातीला कळलं. कमरेवर हात ठेवून तिनं त्याच बोलीत विचारलं, काय दिलं तर विकशील?

मी पडवीत गेलो, पोत्यावर बसलो, आणि तिला म्हटलं, तूच बोल भाव...