चौथ्या मजल्यावरच्या गोऱ्याची हयात

तमाम वाचकांस या जाहीर निवेदनाद्वारे अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, सिंगापुरात क्वीन्सटाउनमधल्या आमच्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावर राहणारा गोरा म्हातारा जिवंत आहे किंवा कसे, हे ठरवण्याचा अधिकार मागच्या वर्षी एका आठवड्यापुरता प्रस्तुत लेखकाकडे आला होता. एवढी सत्ता मला ऑफिसात अठरा वर्षांत मिळालेली नाही. तिचा मी पुरेपूर वापर केला.

म्हातारा ब्रिटिश सैन्यातला निवृत्त शिपाई. तरुणपणी पलटणीबरोबर सिंगापूरला आला, इथल्याच एका चिनी मुलीशी लग्न केलं आणि नोकरीची वर्षं भरल्यावर बायकोच्या गावी कायमचा राहायला आला. चार वर्षांपूर्वी बायको गेली. मागे उरल्या तिच्या कुंड्या, हा, आणि विलायतेहून येणारी पेन्शन. ही सगळी माहिती त्या आठवड्यात त्याची त्यानेच दिलेली. साक्षीदार एकही नाही, हे मी तेव्हाच मनात टिपून ठेवलं होतं.

आमची नऊ वर्षांची ओळख म्हणजे लिफ्टमधली. मी अकराव्या मजल्यावरून उतरताना तो चौथ्यावर आत शिरायचा आणि म्हणायचा, “आज गरम आहे.” मी म्हणायचो, “हो ना.” जिथे बारा महिने गरमच असतं तिथे नऊ वर्षं हेच बोलणारा माणूस काहीतरी लपवत असणार, असं माझं मत होतं. मीही तेच बोलत होतो, ही गोष्ट वेगळी.

तर एका शनिवारी सकाळी हा माणूस आमच्या दारात. हातात खाकी पाकीट.

“तुम्ही इंजिनियर ना?”

“हो.”

“पदवीवाले? खरे?”

“खरे.”

“आणि आपलं काही नातं नाही.”

मी त्याच्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या हाताकडे पाहिलं. “वाटत तरी नाही.”

“डिसेंबरपर्यंत देश सोडून जाणार नाही ना?”

माझ्या डोक्यात घंटा वाजू लागल्या. आमच्या लिफ्टमध्ये फसवणुकीपासून सावध करणारं पोस्टर आहे. अनोळखी माणूस आधी गोड बोलतो, मग तुमची माहिती विचारतो, मग घाई करतो. गोड बोलून झालं होतं, माहिती विचारून झाली होती. मी वाट पाहत उभा राहिलो.

“जरा घाई आहे,” म्हातारा म्हणाला. “शुक्रवारी पोस्टात पडायला हवं.”

पाकिटातून निघाला एक फॉर्म. वाचला आणि मला हसूच फुटलं. हा तर हयातीचा दाखला! माझे वडील दर नोव्हेंबरात इस्त्रीचा शर्ट घालून पुण्याच्या बँकेत जातात, आणि तीस वर्षं ओळखणारा साहेब त्यांना विचारतो, “आपण स्वतःच ना?” साम्राज्याच्या शिपायालाही तीच हजेरी लागते, हे पाहून बरं वाटलं.

त्याची अडचण साधी होती. खालच्या क्लिनिकमधला डॉक्टर इतकी वर्षं सही करायचा. क्लिनिक बंद झालं. सही करणारा नात्यातला नको आणि डिसेंबरपर्यंत चौकशीला सापडायला हवा; फॉर्मवरच्या यादीत चालतील अशा माणसांत इंजिनियर होता, आणि त्याच्या ओळखीत इंजिनियर एकटा मी. “दोन वर्षांपूर्वी कागद उशिरा पोचला,” तो म्हणाला, “तर तीन महिने मी मेलेलो होतो. मी जिवंत आहे हे मीच फोनवर सांगायचो, आणि तिकडची मुलगी म्हणायची, तुमचं म्हणणं ग्राह्य नाही. त्या तीन महिन्यांत बायकोचं शिवणयंत्र विकलं. आता विकण्यासारखं काही उरलं नाही.”

यावर कुठल्याही भल्या माणसाने पेन काढलं असतं. पण मी ज्या घरात वाढलो, तिथे वडील प्रगतिपुस्तकावर सही करण्याआधी त्याची मागची बाजूही वाचत. मी म्हणालो, “पासपोर्टची झेरॉक्स लागेल. दोन प्रती. त्यावर तुमची सही. आणि जुना एखादा फोटो, गणवेशातला.”

आता घंटा त्याच्या डोक्यात वाजल्या. पोस्टर त्याच्याही लिफ्टमध्ये होतं. “पासपोर्टची प्रत कशाला?” त्याने डोळे बारीक केले. “फॉर्मवर तसं काही लिहिलेलं नाही.”

“आमच्याकडे तशी पद्धत आहे.”

“आमच्याकडे नाही.”

संध्याकाळी तो पासपोर्ट घेऊन आला खरा, पण नंबरावर अंगठा दाबून मला लांबूनच दाखवू लागला. मी डावीकडे झुकलो की अंगठा डावीकडे. माझी बायको स्वयंपाकघरातून हे बघत होती. “पत्ते खेळताय का?” तिने विचारलं.

माझा तपास मात्र जोरात होता. माझे मामा फौजेत सुभेदार होते. त्यांच्या बुटांत तोंड दिसायचं. हा तर रबरी चपला घालून खालच्या हॉकर सेंटरला, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या बाजारात, जातो! मंगळवारी मी मुद्दाम तिथे त्याच्या टेबलाशी कोपी, म्हणजे इथली कॉफी, घेऊन बसलो आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, “लढाई वगैरे पाहिली असेल तुम्ही?”

त्याचा चेहरा एकदम उजळला. “बोर्निओचं जंगल! पहाऱ्यावर मी एकटा, आणि समोर वाघ. हे एवढे डोळे. मी बंदूक खाली ठेवली, तोही वळून गेला. खरंच ला!” इतकी वर्षं इथे राहून त्यालाही वाक्याच्या शेवटी ‘ला’ लावायची सवय लागली होती.

घरी येऊन मी शोधलं. बोर्निओत वाघ नाहीत. बिबट्यासारखं काहीतरी आहे, पण वाघ नाही! मला जो आनंद झाला तो सांगताना आजही लाज वाटते. दोन दिवस मी तो आनंद जपून ठेवला.

गुरुवारी संध्याकाळी तो आला. दोन झेरॉक्स, पिवळा पडलेला फोटो, आणि घोटून दाढी केलेला चेहरा. बायकोने त्याला पोहे दिले. ती त्याला आजोबाच म्हणते. मी फॉर्म पुढ्यात घेतला, पेनाचं टोपण काढलं आणि वकिली आवाजात म्हणालो, “बोर्निओत वाघ नसतात.”

म्हाताऱ्याचा चमचा थांबला.

“नसतात,” तो म्हणाला. “मी जंगलात गेलोच नाही. कोठारात होतो. बूट वाटायचो, सहा नंबर, सात नंबर. पहिल्या भेटीत बायकोला सांगण्यासारखं काहीच नव्हतं, म्हणून वाघ सांगितला. मग जन्मभर तोच सांगावा लागला.”

“त्यांना कळलं नाही?”

“त्याच दिवशी कळलं. पण पाहुणे आले की तीच म्हणायची, वाघाची गोष्ट सांग.” त्याने बशी बाजूला ठेवली आणि फॉर्मकडे हात केला. “नको असेल तर राहू दे. मी उद्या सकाळी दुसरा कुणी इंजिनियर सापडतो का बघतो.”

त्याने फॉर्मचा कोपरा धरला. तरी माझं पेन हवेतच. खाली छापलेलं होतं की, वरील माहिती माझ्या समजुतीप्रमाणे खरी आहे. आणि हा माणूस जन्मभर खोटा वाघ सांगत आला, हे त्याने आत्ताच माझ्यासमोर कबूल केलं होतं! मी मराठीत बायकोला म्हणालो, “अगं, पण हा खोटं बोलतो, याची आता खात्रीच झाली. सही कशी करू?”

तिने त्याची बशी पुन्हा पोह्यांनी भरली, त्याच्यासमोर आपटली, आणि खालच्या मजल्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, “अहो, आजोबा जिवंत आहेत एवढंच लिहायचंय! खरं बोलतात का, हे कुणी विचारलंय तुम्हाला?”