बिनहाडाची गिटार

आधी हाडाचं सांगते, नाहीतर पुढचं काही कळणार नाही.

माझी पहिली गिटार लाकडाची होती. मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा मामानं बंगळूरहून आणून दिलेली. कुंभकोणमच्या हवेत लाकडाचे काय हाल होतात ते इथल्या कुठल्याही दाराला विचारा. आमच्याकडे खरा पाऊस दिवाळीला, त्यात गिटारचं पोट फुगायचं, तारा वर उचलल्या जायच्या, दाबून दाबून बोटांची सालं निघायची. उन्हाळ्यात तीच आखडायची आणि प्रत्येक सुराला खरखर. तरी मला ती सोडवत नव्हती. मी तिच्याबद्दल मोबाइलवर तासन्‌तास वाचायची आणि वाचलेलं सगळं कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही. अजूनही पडत नाही, हे तुम्ही बघताच आहात.

तर एका रविवारी दुपारी, पानावर बसलेलो असताना, मी सांगितलं. गिटारच्या खालच्या अंगाला एक पांढरी पट्टी असते, तिच्यावरून तारा जातात, तशीच एक वरती मानेपाशी. स्वस्त गिटारला ती प्लास्टिकची. माझ्या गिटारला नाही.

मी म्हणाले, "अप्पा, खरं हाड आहे ते. बैलाचं. म्हणून तर आवाज इतका खुला येतो."

आमचं घर वैष्णवांचं. कांदा-लसूणसुद्धा उंबऱ्याबाहेर. तीनशे वर्षांपूर्वी महाराष्ट्रातल्या कुठल्या गावाहून कोण इथे तमिळ मुलखात आलं ते आता कुणाला धड सांगता येत नाही, पण सोवळं मात्र जसंच्या तसं आलंय. आणि मी भाताचा घास हातात धरून सांगत होते की माझ्या खोलीत, देवघराच्या भिंतीला लागून, बैलाचं हाड आहे.

अप्पा, म्हणजे माझे वडील, पानावरून उठले, हात धुतले, माझ्या खोलीत गेले.

अप्पा मोटारी रिवाइंड करतात. शेतातल्या पंपांच्या मोटारी, जळालेल्या, त्यांची तांब्याची तार काढून नवी भरायची. मनगटं कशी असतील बघा. परसात धुण्याचा दगड आहे, त्यावर त्यांनी गिटार मानेला धरून आपटली. पहिल्याच फटक्याला पोट फुटलं. दुसऱ्याला मान मोडली, कडकन, तो आवाज अजून माझ्या कानात आहे. तिसऱ्याच्या आधी मी मध्ये घुसले. ताणलेली तार तुटली आणि चाबकासारखी माझ्या भुवईवर बसली. मला दुखलं नाही, नुसतं एका डोळ्यानं दिसायचं बंद झालं, कारण रक्त आलं.

ते म्हणाले, "ऐक गे. परत असलें कांहीं आणलेंस तर लाकूड मोडणार नाहीं. बोटं मोडीन. ह्याच दगडावर."

(मी तुमच्यासारखी मराठी लिहायचा प्रयत्न करतेय, पण अप्पा आणि आई बोलतात तसंच ठेवते. दुसऱ्या मराठीत त्यांचा आवाजच मला ऐकू येत नाही.)

दोन गल्ल्या पलीकडे डॉक्टर आहेत. आईनं मला नेलं आणि सांगितलं, न्हाणीघरात पाय घसरला. डॉक्टरांनी टाके घातले, आईकडे बघितलं, काही विचारलं नाही. हेच वाक्य आई त्यांना आधी तीनदा म्हणाली होती, स्वतःसाठी. एकदा दातासाठी, एकदा करंगळीसाठी, एकदा बरगडीसाठी. आमचं न्हाणीघर फार निसरडं आहे असं त्यांना वाटत असणार.

आता माझी चूक काय झाली ते सांगते. मला खरंच वाटलं की सगळं हाडामुळे झालं. दुसरं काही मनात आलंच नाही. हाड आणलं, अप्पांचं सोवळं मोडलं, मार बसला. मग हाड नसलेली गिटार आणायची, एवढंच ना?

दोन वर्षं मी हेच शोधत होते. नोकरी लागली, घरी बसून व्हिडिओंमधलं बोलणं ऐकून टाइप करायचं, टाइप करता करता दुसऱ्या खिडकीत गिटारी. आणि काय काय निघतं म्हणून सांगू. कुठे हाड, कुठे जनावराच्या कातड्याचा सरस, कुठे मानेवर शिंपल्याच्या टिकल्या. मग कार्बन फायबरची सापडली. लाकूडच नाही. काळ्या कापडासारखं विणलेलं फायबर, त्यात रेझिन, साच्यात घालून सगळी एकसंध काढलेली, मान आणि पोट मिळून एक तुकडा. पट्ट्यासुद्धा कृत्रिम. मी विकणाऱ्याला तीन मेल लिहिले, हाड नाही ना, सरस नाही ना, शिंपला नाही ना. त्याला वाटलं असेल मला कसली तरी ॲलर्जी आहे.

चेन्नईच्या एका माणसानं वापरलेली होती ती. आली तेव्हा मी ती शेजारच्या दारासुरम गावी मैत्रिणीकडे उतरवून घेतली. तिच्या घरी रेशमाचे माग आहेत, दिवसभर खटक-खटक, त्या आवाजात मी कितीही वाजवलं तरी कुणाला त्रास नाही. स्कूटीवरून रोज जायची. पहिल्यांदा वाजवली तेव्हा जरा कोरडी वाटली, खरं सांगते, लाकडाची ऊब नाही तिच्यात. पण आवाज असा स्वच्छ सुटतो की मागावर बसलेली मैत्रिणीची आई हात थांबवून बघायला लागली. पावसात फुगत नाही. उन्हात आखडत नाही. काल लावलेला सूर आज तसाच. मैत्रिणीनं तिरकी धरून उजेडात बघितली आणि म्हणाली, "अगं, हे तर विणलंय. ताणा-बाणा दिसतोय की." त्यानंतर ती गिटारला "आमच्या मागावरचीच" म्हणायची.

वर्षभर असंच चाललं. मग आयुधपूजा आली.

तुमच्याकडे दसऱ्याला शस्त्रं पुजतात, आमच्याकडे त्याच्या आदल्या दिवशी हत्यारं, पुस्तकं, वाद्यं, ज्याचं पोट ज्यावर ते सगळं देवापुढे मांडायचं, गंध लावायचं. एकदा मांडलं की दुसऱ्या सकाळपर्यंत हात लावायचा नाही. मग सकाळी ज्यानं त्यानं आपलं उचलायचं आणि थोडं तरी काम करायचं. अप्पांची पक्कड, हातोडी, तार गुंडाळायचं यंत्र, माझा लॅपटॉप, सगळं एका रांगेत. मला वाटलं, या रांगेत माझी गिटार बसू शकते. अप्पांना समजावलं की झालं. दोन वर्षं मी उत्तरं गोळा केली होती.

पूजेच्या आदल्या दिवशी सकाळी मी ती घरी आणली. लपवली नाही. तारा काढल्या आणि परसात नळाखाली धरून अख्खी गिटार धुतली, आतून बाहेरून, बादलीभर पाण्यानं. लाकडाची धुता येईल का? पुसली, तारा चढवल्या, सूर लावला आणि अप्पांसमोर धरली.

ते अंगणात बसून एक मोटार बांधत होते. ती मोटार न्यायला नाचियारकोविल गावचा एक शेतकरी आला होता, मोटारसायकलला टेकून उभा.

"काय गे हें?"

"कार्बन फायबर आणि रेझिन, अप्पा. तुमच्या मोटारीतल्या वार्निशच्या जातीचंच."

त्यांनी वास घेतला. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं टकटक केलं. धंद्यातला माणूस, वस्तू हातात आली की आधी वस्तूच बघणार.

"हाड?"

"नाही."

"सरस?"

"नाही. शिंपलासुद्धा नाही. आत्ताच धुऊन आणली."

"वाजव बघूं."

मला तिथेच थांबायला हवं होतं, दोन सूर वाजवून ठेवायला हवी होती. पण मी थांबणाऱ्यातली नाही. वर्षभराचं सगळं मी त्या अंगणात ओतलं. समोरच्या घरातल्या दोघी फाटकाशी आल्या. आई स्वयंपाकघराच्या दारात आली, हातात पुसायचं फडकं. संपलं तेव्हा शेतकरी हसत तमिळमध्ये म्हणाला, "काय हो, मोटार तुम्ही बांधता, पण करंट पोरीच्या हातात आहे."

फाटकाशी दोघी हसल्या.

अप्पांचा चेहरा मी बघितला आणि मला कळलं. तिथल्या तिथे. हाडाचा संबंध नव्हता. कधीच नव्हता.

त्यांनी गिटार माझ्या हातातून ओढली, परसात नेली, दगडावर आडवी टाकली आणि हातोडी घातली. हातोडी उडाली. खरंच, उसळून त्यांच्याच खांद्यावरून मागे गेली, आणि गिटारमधून घंटेसारखा आवाज निघाला, सगळ्या तारा एकदम. त्यांनी उचलून परत घातली. परत उडाली. आमच्या मागोमाग परसात आलेल्या शेतकऱ्याचा हसू दाबल्याचा आवाज आला, आणि मला वाटतं तो नसता आला तर पुढचं झालं नसतं. कोण जाणे.

त्यांनी गिटार बाजूला लोटली, माझं डावं मनगट धरलं आणि पंजा दगडावर दाबला.

"हें मोडतें बघ," म्हणाले.

मी ओढत होते. नळाच्या पाण्यानं दगड ओला होता, हात सरकत होता, पण मनगट सुटत नव्हतं. माझी चार बोटं पसरलेली दिसत होती, टोकांना तारांचे घट्टे. डोक्यात एकच चाललेलं, याच बोटांनी मी टाइप करते, याच बोटांनी सूर दाबते. शेतकरी "अय्या, वेण्डाम," म्हणत होता, म्हणजे अहो, नको, पण पुढे येत नव्हता. कुणी पुढे येत नव्हतं. अप्पांनी हातोडी वर घेतली.

"हात सोडा तिचा," आई म्हणाली.

तिनं गिटार मानेला दोन्ही हातांनी धरली होती, अप्पांनी पहिली धरली होती तशीच.

"तूं आंत जा."

"सोडा म्हणतें कीं."

त्यांनी तिच्याकडे वळूनसुद्धा बघितलं नाही, आणि तिनं घातली. खांदा आणि मान यांच्या मधल्या हाडावर. कडकन. मला आधी वाटलं गिटार गेली. अगदी तोच आवाज, पहिलीची मान मोडली होती तो. पण आईच्या हातात गिटार अख्खी होती, तारा नुसत्या थरथरत होत्या, आणि अप्पा गुडघ्यावर बसले होते, उजवा हात खाली लोंबत. हातोडी बादलीत पडली होती.

आईनं गिटार परत उचलली. मारली नाही. नुसती वर धरून उभी राहिली, आणि अप्पा डावा हात डोक्यावर धरून मान आत ओढून बसले. तसं बसलेलं मी आजवर फक्त आईला बघितलं होतं.

मग ती म्हणाली, "सांगितलें होतें, सोडा म्हणून." आणि फडक्यानं गिटार पुसायला लागली.

शेतकऱ्याची मोटारसायकल गेली, मोटार अंगणातच राहिली. रिक्षा मी बोलावली. तेच डॉक्टर. त्यांनी शर्ट कापला, हाताळलं, म्हणाले हासळीचं हाड गेलंय, कसं झालं?

 आई समोरच्या भिंतीकडे बघत होती.

"न्हाणीघरांत पाय घसरला," अप्पा म्हणाले.

डॉक्टरांनी या वेळीसुद्धा आईकडे बघितलं. बराच वेळ. मग म्हणाले, "फरशी बदलून घ्या." पट्टा बांधला, सहा आठवडे हात हलवायचा नाही.

दुसऱ्या दिवशी पूजा होती तशी झाली. आईनं हत्यारं घासून मांडली आणि रांगेत सगळ्यात पुढे गिटार ठेवली, अप्पांच्या हातोडीच्या शेजारी. गिटारवर दोन पांढरे ओरखडे आहेत, नखाएवढे. बाकी काही नाही. गंध घरच्या कर्त्यानं लावायचं असतं, म्हणून अप्पा पट्ट्यातला हात सांभाळत डाव्या हातानं लावत गेले. पक्कड. यंत्र. लॅपटॉप. हातोडी. गिटारपाशी थांबले.

"तें पण," आई मागून म्हणाली.

त्यांनी लावलं. गुळगुळीत अंग, गंध ठरेना, घसरून खाली आलं. आई म्हणाली परत लावा. परत लावलं, परत घसरलं. तिसऱ्यांदा त्यांनी अंगठा दाबून धरला, सुकेपर्यंत. एक मिनिट तरी असेल. 

सकाळी ज्यानं त्यानं आपलं उचलायचं. अप्पांना हातोडी उचलता येईना, त्यांनी नुसता हात लावला. मी गिटार घेतली आणि तिथेच खाली बसून वाजवली.

आता मी घरात रोज वाजवते. पट्टा निघून बरेच महिने झाले, अप्पांचा हात चालतो, मोटारी येतात, तो शेतकरीसुद्धा आला आणि जमिनीकडे बघत आपली मोटार घेऊन गेला. वाजवून झालं की गिटार आई ठेवते, मला ठेवू देत नाही. खोलीत नाही, स्वयंपाकघराच्या दाराशी, तिच्या हाताला येईल अशी.

दारासुरमच्या मैत्रिणीला मी हे सगळं सांगितलं. सगळं म्हणजे, एक सोडून. ते हाड मोडलं तेव्हा मला बरं वाटलं होतं. भीती नंतर आली, अप्पांची कीव त्याच्याही नंतर. आधी बरं वाटलं. हल्ली जोरात वाजवताना तारांखाली तो आवाज मला ऐकू येतो, आणि मी हात थांबवत नाही, आणखी जोरात वाजवते. परवा मान वर केली तर अप्पा दारात उभे होते. माझ्याकडे नाही, माझ्या हातांकडे बघत होते. मी वाजवत राहिले. ते एक पाऊल मागे सरकले.