पानात घातलेलं बोट

भोपाळला टी. टी. नगरातल्या अंध मुलींच्या वसतिगृहात मी शनिवारी भाजी चिरायला जातो. तिथं एक बाई घरून पुस्तक आणून मुलींना गोष्ट वाचून दाखवायच्या. संस्था मात्र स्वयंसेवकांना फारच जपणारी. आधी ओळखीचे खेळ, मग टोप्या, मग सत्कार. बाई पानात बोट घालूनच शाल घेत, फोटोला उभ्या राहत. तोवर जेवणाची घंटा व्हायची.

एकदा त्यांनी संस्थेच्या मॅडमना शांतपणे विचारलं, “आप लोगों का हो गया हो, तो मैं पढ़ूँ? बच्चियाँ बैठी हैं.”

पुढं त्या आल्याच नाहीत. स्वयंसेवक का टिकत नाहीत, यावर संस्थेनं कार्यशाळा घेतली. जेवण झकास होतं.

मुली मला अजून विचारतात, गोष्टीतली ती पोरगी विहिरीतून वर आली का.